शालनचा घोडा

भिंतीवरच्या पडद्यावर शालनचा घोडा पुन्हा पुढे गेला आणि तिने घाईने मशीन थांबवलं. शिवणकामाच्या कारखान्यात साहेबांनी ही शर्यत नुकतीच आणली होती. जिच्या शिवून झालेल्या कॉलरी जास्त, तिच्या नावाचा घोडा पुढे. जिंकेल तिला दुपारीच सुट्टी. बायकांनी मात्र भिशीसारख्या चिठ्ठ्या टाकून जिंकायच्या पाळ्या गुपचूप वाटून घेतल्या होत्या.

आज पाळी द्वारकाची. संध्याकाळी तिच्या लेकीला बघायला पाहुणे येणार होते आणि साहेबांनी रजा नाकारली होती. शालन मुद्दाम दोरा तोडत होती, सारखी पाणी प्यायला उठत होती. पण मशीनवर बसलं की हात काही ऐकेनात. शेवटी तिचा घोडा रेषेपार गेलाच. साहेब सोडून कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

"साहेब, माझी सुट्टी द्वारकाला द्या."

"छे! जिंकेल तिलाच."

द्वारकाने मान वर केली नाही. शालन पिशवी घेऊन तिच्या मशीनपाशी घुटमळली, मग खाली वाकली.

"पोहे कुठल्या डब्यात असतात गं तुझ्याकडे? मी जाते पुढं. पाहुण्यांनी विचारलं तर सांगते, मी मुलीची मावशी."