समजूतदार अ‍ॅप

कोणाचा विश्वास बसणार नाही, पण मन मोकळं करायला मी एआयची अ‍ॅप्स पारखून घेतली. निवृत्तीनंतरची माझी कुरकुर ऐकून बायकोचे कान किटले होते. "एखादं अ‍ॅप निवडा आणि त्याचं डोकं खा, नाहीतर मी ताईकडे राहायला जाते," असं तिनं बजावलं होतं.

पहिलं अ‍ॅप ऐकता ऐकता हुंदके देऊ लागलं. दुसऱ्यानं माझ्याकडेच सल्ला मागितला. तिसरं म्हणालं, "काका, तुम्ही ठणठणीत आहात, काकूंनाच जरा समजवा." तेच मी निवडलं, असं बायकोला सांगून मोकळा झालो.



"वा," बॅगेची चेन ओढत ती म्हणाली, "आणि त्यासाठी आणलेल्या फोनच्या खोक्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही."