विनवणी

तुरुंगातून सुटून आलेल्या इनासला फादरांनी गुड फ्रायडेच्या देखाव्यात येशूशेजारच्या चोराचं काम दिलं. "शोभतंय हो काम!" ठाण्याच्या त्या चर्चच्या मैदानात कुणीतरी म्हणालंच. येशू झाला होता पास्कल, आणि इनासनं चोरलेली रिक्षा त्याचीच होती. दोघं शेजारशेजारच्या क्रूसांवर चढले. इनासला एकच वाक्य म्हणायचं होतं, "येशू, माझी आठवण ठेव." मग येशूनं चोराला स्वर्गाचं वचन द्यायचं होतं. पण पास्कलची नजर त्याच्याकडे वळली आणि इनासनं मान खाली घातली.

"अरे, बोल ना रे!" खालून फादर कुजबुजले.

इनासनं मान वर केली नाही.

पास्कलनं विनवणीची वाट बघितलीच नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील."