न बोंबलणारी फाइल

चाळीस मिनिटांचा बिल्ड पंधराच्या आत आणला, तर त्याला दार असलेली केबिन मिळणार होती. सोबत टीमप्रमुखाचं पद, आणि ज्यांच्यापुढे आजवर मान खाली घालून बसला त्यांच्यापुढे ती वर करायची मुभा. बदल्यात द्यायचं काय, तर काही ओळी. त्याही दुसऱ्यांनी लिहिलेल्या.

ओळी हेडर मागणाऱ्या होत्या; हेडर म्हणजे अनेक फाइलींना लागणारी सामाईक माहिती ठेवणारी फाइल. सलाइनमधून औषध मोजून सोडणाऱ्या पंपाचा तो प्रोग्राम, नऊशे फाइलींचा. कंपायलरने त्या सगळ्या यंत्राच्या भाषेत उतरवल्या, की एक बिल्ड झाला. प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर, तिला कोणकोणत्या हेडरमधली माहिती हवी, त्याची यादी. यादी लांबली की बिल्डही लांबे. वर्षानुवर्षं जो आला त्याने यादी वाढवली, कमी कोणीच केली नाही. त्याने एक टूल आणलं. ही ओळ इथे लागत नाही, असं टूल म्हणे. तो ती काढून टाके.

टीममधल्या सर्वांत जुन्या माणसाला सगळे आजोबा म्हणत. पांढऱ्या केसांमुळे नव्हे, तर हेडर कसे लावावेत यावर त्यांनी अकरा पानी नियमावली लिहिली होती म्हणून. पहिलाच नियम असा, की ज्या फाइलीला जे लागतं ते तिने स्वतः नाव घेऊन मागायचं. दुसऱ्या हेडरच्या पोटातून आपोआप येतंय म्हणून गप्प राहायचं नाही. नियम सगळ्यांना पाठ होता. पाळत फक्त आजोबा होते.

आजोबांनी अलार्मच्या हेडरवर बोट ठेवलं. त्यातून सेटिंग्जच्या हेडरची ओळ निघणार होती.

"अलार्मला ती लागत नाही, कबूल. पण तिच्या आडोशाने आणखी कोण जगतंय, ते बघितलंस का?"

"कोणी असेल तर कंपायलर बोंबलेल की, आजोबा. मग घालू परत."

"जो बोंबलेल त्याची मला काळजी नाही रे," आजोबा म्हणाले.

त्यांनी मंजुरी अडवून धरली. मग त्याने मंजुरी देणाऱ्यांच्या यादीतून आजोबांचं नावच काढलं. ते लागत नाही हे टूलने सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं. दोन महिन्यांनी आजोबा निवृत्त झाले. बिल्ड अकरा मिनिटांवर आला, सगळ्या चाचण्या पास, पडद्यावर हिरव्या. केबिनचं दार आतून कसं लागतं, हे त्याने पहिल्याच दिवशी दोनदा लावून बघितलं.

नव्या प्रोग्रामचे पहिले पंप ताईच्या वॉर्डात गेले. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, बावीस वर्षं नर्स. खरेदीच्या बैठकीत तिनेच शब्द टाकला होता. त्याआधी भावाला एवढंच विचारलं होतं, की घाईत बोट चुकलं तर? तो म्हणाला होता, आकडा मर्यादेबाहेर गेला तर पंप थांबेल, इशारा देईल, आणि तू पुन्हा 'हो' म्हटल्याशिवाय एक थेंब सोडणार नाही.

तिसऱ्या महिन्यात नऊ नंबरच्या खाटेवरच्या बाई गेल्या. साध्या ऑपरेशननंतरचं वेदनेवरचं औषध, पाचाच्या जागी पन्नास. पंपाच्या नोंदीत आकडा होता, वेळ होती, ताईचा कोड होता. इशाऱ्यांची नोंद पंप ठेवत नसे. हॉस्पिटलने कंपनीला विचारलं, इशारा आला होता का? प्रश्न नव्या केबिनमध्ये येऊन पडला.

त्याने निर्धास्तपणे डोसची फाइल उघडली. मर्यादेची तपासणी तिथे शाबूत होती. फक्त तिच्या डोक्यावर एक अट होती: 'मर्यादा तपासा' अशी खूण कुठे लिहिलेली असेल तरच हा भाग घ्यावा, नसेल तर सोडून द्यावा. खूण सेटिंग्जच्या हेडरमध्ये होती. डोसच्या फाइलीने तो हेडर स्वतः कधी मागितलाच नव्हता. अलार्मच्या पोटातून तो तिला फुकट मिळत होता. ओळ गेली, तिच्याबरोबर खूण गेली, आणि कंपायलरने तपासणी निमूटपणे वगळली. त्यात बोंबलण्यासारखं काहीच नव्हतं. चाचण्यांच्या वेळी ही खूण बाहेरून दिली जाई, म्हणून त्या हिरव्या.

त्याने ते पान छापलं आणि घडी करून खिशात ठेवलं. सकाळी साहेबांपुढे ठेवायचं. त्याआधी ताईला सांगायचं.

ताई खिडकीशी बसून गणवेशावरची नावाची पट्टी उसवत होती.

"झालं एकदाचं," ती म्हणाली. "लिहून दिलं मी. इशारा आला होता, मी न वाचता 'हो' दाबलं."

"आला होता?"

"आठवत नाही रे. पण आलाच असणार. तू सांगितलं होतंस ना." तिने दोरा दातांनी तोडला. "सगळे तुझ्या पंपावर घसरायला लागले होते. म्हटलं, नुकती कुठे खुर्ची मिळालीय. माझं काय, नोंदणी जाईल. करीन दुसरं काहीतरी."

त्याचा हात खिशात होता. कागदाच्या घडीची कड बोटाला लागत होती. हात बाहेर आला, तेव्हा त्यात रुमाल होता.

दुसऱ्या दिवशी त्याने ती ओळ घातली. या वेळी थेट डोसच्या फाइलीच्या माथ्यावर, आजोबांच्या नियमाप्रमाणे. बदलाचं कारण लिहिलं: 'मांडणीतली किरकोळ सुधारणा'. बिल्ड पुन्हा चालवला. अकरा मिनिटं दोन सेकंद.

दोन सेकंद त्याच्या वाट्याला आले. बाकीची किंमत नऊ नंबरच्या खाटेने आणि ताईने मोजली.