खिळ्यावरची पावती

शनिवारी सकाळपासून अकिलाचा जीव थाऱ्यावर नव्हता. रांजणगावच्या कारखान्यातला सर्व्हर बंद पडला तर दौंडच्या गोदामातल्या राखीव, म्हणजे स्टँडबाय सर्व्हरनं लगेच काम उचलायचं, अशी सोय तिनं महिनाभर राबून उभी केली होती. गुरुवारी वीज गेली तेव्हा इथली प्रत्येक नोंद दौंडला पोचवणारी लाइन तुटली. तिनंच ती जोडली, तरी मन खात होतं. “करा चाचणी, ओढा इथल्या सर्व्हरचा प्लग,” साहेब म्हणाले. तिनं ओढला. खिडकीखाली फाटकावरचा, ट्रकना पावत्या देणारा प्रिंटर गप्प झाला. मिनिट गेलं, दोन गेली. ट्रकवाल्यांनी हॉर्नचा कालवा केला. मग प्रिंटर करकरला आणि वॉचमन बन्सीआप्पा पावती नाचवत वर आले. “चाललं की वो ताई!” साहेबांनी टाळ्या वाजवल्या. अकिलानं पावतीचा नंबर बघून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेल्या जुन्या पावत्यांच्या प्रती भराभर चाळल्या. तोच नंबर गुरुवारी एका ट्रकला दिलेला होता. “टाळ्या थांबवा, सर. दौंडला अजून गुरुवारच हाय.”