पॅन कार्डाची दुसरी प्रत

अक्षदानं बटण दाबलं आणि ओटीपी गेला, पण धर्माजींच्या खिशात काही वाजलं नाही. वाजणार कसं, फोन घरी बायकोकडं, साळुबाईकडं होता. आणि असता तरी वाजला नसता. अक्षदा कामाला होती त्या आळेफाट्याच्या सेवा केंद्रातल्या पडद्यावर मोबाईल नंबराचे शेवटचे दोनच आकडे दिसत होते, चार आणि सात.

अक्षदानं विचारलं, "बाबा, हा नंबर कुणाचा?"

धर्माजींनी आधीचे आठही आकडे घडाघडा सांगितले. मग म्हणाले, पोराचा. सुदर्शनचा. पॅन कार्ड काढताना सगळे कागद त्यानंच भरले होते, आणि त्यांच्या बोरी गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांसारखा यांच्याही नावापुढं पोराचाच नंबर लागला होता. आता ते कार्ड बाजारात कुठंतरी पडलं होतं. बँकेला शनिवारच्या आत ते दाखवायचं होतं, नाहीतर खातं बंद. अक्षदानं समजावलं की नंबर बदलायला पंधरा-वीस दिवस जातील. त्यापेक्षा पोराला फोन करा आणि आकडे विचारून घ्या. ओटीपी दहा मिनिटं टिकतो, काम एका मिनिटाचं आहे.

ते एका मिनिटाचं काम चौदा महिने अडलं होतं, हे तिला काय माहीत. चौदा महिन्यांपूर्वी बिबट्यानं गोठ्यातली कालवड नेली. सुदर्शन चाकणच्या कंपनीतून धावत आला आणि म्हणाला, जनावरं विका, दोघंही मोशीला माझ्याकडं चला, शौर्यला मी या अंगणात खेळू देणार नाही. शौर्य म्हणजे धर्माजींचा पाच वर्षांचा नातू. धर्माजींचं डोकं फिरलं. गोठ्यात बापलेक दोघंच होते. बोलू नये ते बोलून गेले. तेव्हापासून पोरगा आला नाही आणि नातूही दिसला नाही. साळुबाई पोराला फोन करायची, तेव्हा धर्माजी शेजारीच बसायचे आणि आपलं लक्षच नाही असं दाखवायचे. म्हातारा मोडेल पण वाकणार नाही, असं गाव म्हणायचं. म्हाताऱ्याला ते ऐकायला आवडायचंही.

त्यांनी अक्षदालाच फोन करायला लावला. "तुमच्या वडिलांच्या पॅन कार्डासाठी एक नंबर आलाय," एवढं ती म्हणतेय तोवर पलीकडून फोन कटला. तिला नवल वाटलं नाही. अनोळखी नंबरवरून ओटीपी मागणाऱ्याला हल्ली कोण दारात उभं करतं? तिनं पुन्हा फोन लावला आणि सरळ धर्माजींच्या हातात दिला.

"नंबर आलाय त्यो सांग," धर्माजी म्हणाले.

"कोण बोलतंय?"

"तुझा बाप."

सुदर्शन हसला. ते हसणं काही चांगलं नव्हतं. आजकाल आवाजाचीसुद्धा नक्कल करतात, कंपनीतल्या एकाला असंच गंडवलंय, असं त्यानं सुनावलं. मग म्हणाला, "फसवायचंच तर आधी नीट चौकशी तरी करा. माझा बाप मला फोन करणार नाय."

धर्माजींना रागच आला. पण राग काढायचा कुणावर? पोरगा खोटं बोलत नव्हता.

"मंग कसं पटंल तुला?"

सुदर्शन म्हणाला, "आण्णाच असाल, तर सांगा. गोठ्यात मला काय म्हणला व्हता तुमी? तिथं तिसरं कुणी नव्हतं."

केंद्रात सात-आठ माणसं होती. त्यांच्याच गावचे गेणभाऊ सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी बसले होते, आणि त्यांचे कान तर केव्हाच इकडं लागले होते. धर्माजींनी भिंतीकडं तोंड केलं. पण हळू बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"म्हणलो व्हतो, बिबट्याला भिणारं पोरगं माझं न्हाई. परत या उंबऱ्यावर पाय ठिऊ नको." मग ते म्हणाले, "लई वंगाळ बोललो. चुकलं माझं."

हे शेवटचं सुदर्शननं विचारलं नव्हतं.

फोन कटला की काय, म्हणून धर्माजींनी तो लांब धरून पाहिला आणि परत कानाला लावला. मग पोराचं बोलणं बराच वेळ ऐकत राहिले. दोनदा नुसतं "हां" म्हणाले आणि फोन अक्षदाला परत केला.

अक्षदा टाइप करायला तयारच बसली होती. "सांगा बाबा, काय नंबर दिला?"

"फोनवर न्हाई दिला."

"अहो, दोनच मिनिटं उरलीत. नंतर तो नंबर चालायचा नाही."

"त्यालाबी म्हाईत हाय," धर्माजी म्हणाले. "उद्या घरी घिऊन येतो म्हणला."