लाल गोल

डॉक्टरांनी नववी वही मिटली आणि चष्मा काढून डोळे चोळले. समोर आई बसली होती. वर्षानुवर्षं शर्टांच्या शिलाया तपासून तिचे डोळे खोल गेले होते. शेजारी दहा वर्षांची लेक खुर्चीवर बसून पाय हलवत होती.

लेक दीड वर्षाची असताना तिला तापात आकडी आली होती. चार मिनिटं. तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागला तो लागलाच. लेक बोलायला लागली तशी आई रोज संध्याकाळी तिला दहा प्रश्न विचारू लागली. वार, पाढे, काल काय जेवलीस. चुकलं की वहीत लाल गोल. मेंदूला काही झालेलं नाही, हे सांगता सांगता डॉक्टरांचे केस पांढरे झाले. आई मान डोलवायची आणि घरी जाऊन वही उघडायची. तिचाही इलाज नव्हता. कारखान्यात गठ्ठ्यात एकही खोट सापडली नाही, की मुकादम तो परत पाठवायचा. नीट बघितलं नाहीस, पुन्हा बघ. ती सवय तिच्या हाडीमाशी खिळली होती.

“मला चिठ्ठी द्या,” आई म्हणाली. “हिला या शाळेतून काढते. मंद मुलांच्या शाळेत घालते. आता मलाच झेपत नाही हो.”

“अहो, वर्गात दुसरी आलीय ती!”

“तिथे येत असेल. माझ्यासमोर रोज चुकते. एक दिवस खाडा नाही. मी गेल्यावर हिचं कसं व्हायचं?”

डॉक्टरांनी पुन्हा वही उघडली. पानं उलटता उलटता त्यांचा हात थांबला.

“रोज एकच चूक? दोन कधीच नाहीत?”

ते लेकीकडे वळले. तिचे पाय हलायचे थांबले. तिने एकदा आईकडे बघितलं, मग खाली.

“सगळं बरोबर आलं की आई पुन्हा पहिल्यापासून विचारते,” ती हळूच म्हणाली. “किती दमलेली असते ती. एक चुकलं, की गोल करते आणि झोपते.”