पॉइंट झिरो एट

बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला कोल्हापूरहून परीक्षक म्हणून आलेल्या मगदूम मॅडमच्या डोक्यात मघापासून एकच किडा वळवळत होता. बाटलीतल्या आम्लाची मोलॅरिटी, म्हणजे तीव्रता, शोधायची होती. तेवीस पोरांचं उत्तर पॉइंट वन, आणि एकट्या प्राचीचं पॉइंट झिरो एट!

"ब्युरेटच्या नळीला हात तरी लावलास, की घरूनच आकडा ठरवून आलीस?"

"तीनदा केलं, मॅडम. तिन्ही वेळा हेच आलं." प्राची रडवेली झाली, पण तिनं आकडा काही खोडला नाही.

मॅडमना तेच जास्त खटकलं. चुकलेलं पोर पटकन खोडून मोकळं होतं. ही नक्की काहीतरी लपवत होती. तिच्या नावापुढं लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढून त्यांनी खात्रीसाठी स्वतःच ब्युरेट भरली. गणित केलं. पॉइंट झिरो एट. पुन्हा करून बघितलं, तरी तेच.

आता त्यांनी बाकीच्या तेवीस जणांकडं बघितलं. सगळ्यांच्या माना खाली. मग त्यांची नजर दाराशी उभ्या असलेल्या लॅब अटेंडंट रंगरावांवर जाऊन थांबली.

"रंगराव, हे द्रावण तुम्हीच केलंय ना?"

"व्हय की. काल चार लिटर केलतं, अगदी पॉइंट वन. सकाळी वाटलं, एवढ्या पोरांना पुरायचं न्हाय, म्हणून लिटरभर पाणी वतलं." रंगरावांनी कपाळावर हात मारला. "आन् गडबडीत पोरास्नी नवा आकडा सांगायचाच ऱ्हायला बगा!"